निरीक्षण वहीतले अठरा गुण

एप्रिल अर्धा सरला की आमच्या वाचनालयात खुर्च्या कमी पडायला लागतात. पुंडलिकनगरात एकेका खोलीत तिघं-चौघं मिळून राहणारी परभणी, हिंगोली, जालन्याकडची मुलं सकाळी सातलाच दारात येऊन उभी राहतात. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाच्या काखेत उशी. खुर्ची टोचते म्हणून उशी. कूलर सुरू केला की पहिली पाच मिनिटं ओल्या गवताचा छान वास येतो, मग नुसतीच दमट हवा. पंख्याखालच्या जागेवरून रोज एक भांडण होतं आणि ते मिटवायला रोज मलाच उठावं लागतं. वरवर मी कटकट करते, पण आतून मला हे दिवस आवडतात. परीक्षा जवळ आलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. डोळे तांबारलेले, ओठ हलत असलेले, आणि जेवलास का विचारलं तर आठवावं लागतं.

मीही अशीच होते. बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथपालाच्या पदवीच्या, वर्षीचा माझा उन्हाळा अजून नाकात आहे. घामानं ओल्या झालेल्या तळहाताखाली वर्गीकरणाचे ते दोन जाड खंड, त्यांच्या पानांचा वास, विभागाच्या खिडकीतून दिसणारे पिवळे पडलेले डोंगर आणि दुपारी तीनला गेलेली वीज. प्रात्यक्षिकाच्या पेपरात तीन तासांत पन्नास पुस्तकांना वर्गांक द्यायचे असत. मला त्याचं वेड लागलं होतं. औरंगपुऱ्याला रिक्षातून जाताना मी दुकानांनाही वर्गांक देत जायची. मिठाईवाला सहाशे एक्केचाळीस, दाताचा दवाखाना सहाशे सतरा दशांश सहा. शेजारच्या बाईला वाटायचं, पोरगी देवाचं नाव घेतेय. जगातली कुठलीही गोष्ट एका आकड्यात बसते आणि तो आकडा मला ठाऊक आहे, या समाधानासारखं दुसरं समाधान मला तेव्हा माहीत नव्हतं. वर्गीकरणात मी वर्गात पहिली आले. हे मी पुढं कित्येक वर्षं, कुणी विचारलेलं नसतानाही, सांगत असे.

हे सगळं आत्ता वर येण्याचं कारण एक फॉर्म. आमच्या जुन्या विभागात अभ्यासक्रम बदलायचा घाट घातलाय, आणि त्यासाठी माजी विद्यार्थ्यांची मतं मागवली आहेत. फॉर्म मोबाइलवर आला. वरती शहराचं नवं नाव, खाली प्रश्न. पहिलाच प्रश्न असा की, अभ्यासक्रमाने तुम्हाला सार्वजनिक वाचनालयातील प्रत्यक्ष कामासाठी कितपत तयार केले? पुढं पाच गोल. अजिबात नाही इथपासून पूर्णपणे इथपर्यंत. वाटेल त्या गोलावर बोट टेकवायचं.

आठ दिवस झाले, माझं बोट टेकत नाही.

आमच्या क्षेत्रातल्या लोकांचा एक आवडता विषय आहे. चार ग्रंथपाल चहाला जमले की अभ्यासक्रमाच्या नावानं बोटं मोडायची. म्हणे, पेपरवर डोकं ठेवून घोरणाऱ्या आजोबांना त्यांचा मान राखून कसं उठवायचं, हे कुठल्या पेपरात होतं? दिवाळी अंकांसाठी दोन बायकांत जुंपली तर काय करायचं, संपलेला टोनर आणि संपलेलं अनुदान यांतलं आधी काय आणायचं, हे कुठं शिकवलं? मीही त्यात हिरिरीनं भाग घेतलाय. पण खरं सांगायचं तर त्या एका वर्षानं मला पुष्कळ दिलं. आज दहा हजार पुस्तकांतलं हवं ते पुस्तक मी डोळे मिटून काढून देते, ते त्या खंडांच्या जिवावर. खाल्ल्या घरचे वासे मोजायची माझी तरी इच्छा नाही. माझं दुखणं वेगळं आहे, आणि त्याला गोल नाही.

त्या वर्षी एक निरीक्षण वही असायची. वीस गुणांची. कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात दहा दिवस, रोज दोन तास जाऊन बसायचं आणि काय दिसतं ते लिहायचं. शिकवणाऱ्या बाई बुटक्या, हळू बोलणाऱ्या, आणि त्यांच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा. त्या म्हणाल्या होत्या, "विद्यार्थी आहोत हे सांगू नका. कपाटाजवळ गुपचूप बसा आणि माणसं पुस्तकापर्यंत कशी पोचतात तेवढं बघा." मी हे वाक्य लिहून घेतलं होतं. त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या. रेघा मारण्यात मी कधीच कमी पडले नाही.

पण वीस गुणांसाठी वीस तास उन्हात कोण घालवणार? तेवढ्यात दोनशे पुस्तकांचा सराव झाला असता. आदल्या वर्षीच्या एका मुलीची वही फिरत होती. मी आणि माझी मैत्रीण औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बाकावर बसलो, रसवंतीवरून उसाचा रस मागवला आणि दहा दिवसांची निरीक्षणं एका दुपारी लिहून काढली. रोजचं वेगळं वाटावं म्हणून तीन पेनं वापरली. एका पानावर मुद्दाम रसाचा थेंब पाडला, तो वाचनालयातला चहा म्हणून खपला. ग्रंथपालाची सही ओळखीतून मिळाली. माझ्या वहीतले वाचक फार गुणी होते. एक निवृत्त गृहस्थ यायचे, लेखकाचं नाव घेऊन पुस्तक मागायचे. एक गृहिणी विषय सांगायची. एक विद्यार्थी आवृत्तीसुद्धा सांगायचा. सगळ्यांना काय हवं ते माहीत होतं आणि सगळ्यांना ते सांगता येत होतं. बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, निरीक्षण सूक्ष्म आहे. वीसपैकी अठरा.

शेवटचा पेपर शनिवारी झाला आणि सोमवारी मी या वाचनालयात रुजू झाले. निकाल अजून लागायचा होता, पण आधीचे ग्रंथपाल जाऊन दोन वर्षं झाली होती आणि संस्थेच्या सचिवांना घाई होती. त्या दोन वर्षांत वाचनालय चालवलं होतं ते खलीलभाईंनी, म्हणजे इथल्या शिपायांनी. पन्नाशीचा, हडकुळा, खांद्यावर कायम फडकं टाकलेला माणूस. त्यांनी लावलेली पुस्तकं बघून मला आधी हसू आलं आणि मग रागच आला. शिवणकामाची पुस्तकं खिडकीपाशी, त्यांच्याच शेजारी बारीक टाइपाच्या कादंबऱ्या. पोथ्या अगदी खालच्या खणात. आरोग्याची पुस्तकं दाराआडच्या कपाटात, जिथं उभं राहिलेलं माणूस कुणाला दिसत नाही. आज मला त्यातल्या प्रत्येक जागेचं कारण सांगता येईल. बारीक टाइपाला उजेड लागतो. पोथी वाचणाऱ्यांना मांडी घालून बसायचं असतं. आणि काही दुखणी अशी असतात की त्यांवरचं पुस्तक बाईमाणूस चारचौघांत चाळत नाही. तेव्हा मला एवढंच दिसलं की शिवणकामाच्या सहाशे सेहेचाळीसच्या शेजारी कादंबऱ्यांचं आठशे एक्क्याण्णव ठेवलंय.

आणि पाण्याच्या रांजणाजवळच्या शेवटच्या कपाटापाशी, जमिनीवर, रोज दुपारी दोन ते तीन गयाबाई बसायच्या.

गयाबाई पुंडलिकनगरातल्या तीन घरी स्वयंपाक करायच्या. दोन घरचं सकाळी उरकलं की तिसऱ्या घरी जाण्याआधीचा एक तास मोकळा मिळायचा, तो त्या इथं काढायच्या. आल्या की रांजणाच्या पाण्यानं हात धुवायच्या, पदराला पुसायच्या, तरी लसणाचा वास राहायचाच. मग वर न बघता खालच्या खणात उजव्या कोपऱ्यात हात घालायच्या आणि एक पुस्तक काढायच्या. नातवंडं शाळेत जायला लागल्यावर प्रौढांच्या वर्गात जाऊन अक्षरं शिकल्या होत्या, हे मला खलीलभाईंनी सांगितलं. ते पुस्तक म्हणजे नुसता पानांचा गठ्ठा. वेष्टन नाही, पुठ्ठा नाही, पहिली चार पानंही नाहीत. ठसठशीत टाइप होता, एवढंच. घरामागं आपल्या हातांनी विहीर खणायला निघालेल्या कुणा बाईची गोष्ट होती. गयाबाई रोज एक पान वाचायच्या. ओळीखाली बोट, आणि तोंडानं एकेक अक्षर. झालं की पानात हिरव्या दोऱ्याचा तुकडा ठेवून पुस्तक परत त्याच कोपऱ्यात. घरी न्यायच्या नाहीत. घरी वाचताना सून हसते म्हणायच्या.

अभ्यासाला बसलेल्या मुलांना त्या पुटपुटण्याचा त्रास होतो, असं मला वाटलं. मुलांनी तक्रार केली नव्हती, मलाच वाटलं. मी जाऊन म्हटलं, मावशी, मनात वाचा ना. त्यांनी मान वर केली. "मनात येत नाय अजून," त्या म्हणाल्या. "तोंडानंच येतंय. एवढं सरलं की मनात यील बघा." मग पुढच्या पानांचा पापुद्रा अंगठ्यावर धरून दाखवला. थोडीच पानं उरली होती. आयुष्यातलं पहिलं पुस्तक, आणि ते संपत आलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी निकालाच्या दिवशी आरशात पाहिलं, फार तर त्याच्या निम्मं.

मे महिन्याच्या शेवटी मी चार दिवस वाचनालय बंद ठेवून सगळी, तेव्हा जेमतेम हजार असलेली, पुस्तकं नव्यानं लावली. पाठीवर पांढऱ्या पट्ट्या, पट्ट्यांवर माझ्या टपोऱ्या अक्षरात वर्गांक. त्या चार दिवसांइतकी मी क्वचितच आनंदात असेन. फाटकी, निकामी पुस्तकं बाजूला काढून त्यांची बाद यादी केली. तो बिनपुठ्ठ्याचा गठ्ठा हातात आला. शीर्षकपान नाही, लेखकाचं नाव नाही, दाखल क्रमांकाचा शिक्का अर्धा उडालेला. याला वर्गांक तरी कसला देणार? मी तो बाद ढिगात टाकला. खलीलभाईंनी तो उचलून परत माझ्या टेबलावर ठेवला.

"ये नक्को निकालो, मॅडम," ते म्हणाले. "वो गयाबाई का पढना चल रहा है."

मी त्यांना समजावलं. मोठ्या समजूतदारपणे समजावलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. म्हटलं, नवसाक्षरांसाठी आपल्याकडं वेगळी चांगली पुस्तकं आहेत, कोरी आहेत, रंगीत चित्रांची आहेत, त्यांतलं देऊ. खलीलभाई फडकं झटकून निघून गेले. संध्याकाळी सचिवांनी बाद यादीवर सही केली, मी दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढं लाल रेघ मारली, आणि बाद पुस्तकांचं पोतं माझ्या टेबलाखाली सरकवून ठेवलं.

सोमवारी दोन वाजता गयाबाई आल्या. हात धुतले, पुसले, बसल्या, आणि उजव्या कोपऱ्यात हात घातला. तिथं आता विश्वकोशाचे खंड होते. त्यांनी हात मागं घेतला, परत घातला. मग डावीकडं चाचपलं. मग उठून कपाटाकडं बघत उभ्या राहिल्या. सगळ्या पाठी एकसारख्या, सगळ्यांवर पांढरी पट्टी आणि आकडे. मी हे सगळं टेबलावरून बघत होते. वाचकाला मदत कशी करावी याचे तीन प्रश्न आम्हाला पाठ होते, ते मी क्रमानं विचारले. पुस्तकाचं नाव काय? ते त्यांना माहीत नव्हतं. लेखक कोण? माहीत नव्हतं. विषय कुठला? खोलीतली चार-पाच मुलं माना वर करून बघायला लागली.

मला माहीत होतं त्यांना काय हवंय. इथं मला काही लपवायचं नाही. मला पूर्ण माहीत होतं. पुस्तक माझ्या पायाशी होतं, पोत्यातून त्याची कडा माझ्या चपलेला लागत होती. पण ते बाद झालं होतं. लाल रेघ मारली होती, सही झाली होती. नोंदवहीत नसलेलं पुस्तक वाचकाच्या हातात द्यायचं नसतं, हे मी नऊ गुणांच्या एका प्रश्नात लिहून आले होते. मी समोरचा संगणक दाखवून म्हटलं, मावशी, काहीतरी नाव सांगा म्हणजे यात शोधता येईल.

"राहू द्या," गयाबाई म्हणाल्या. चपला घालताना त्यांनी एकदा रांजणाकडं पाहिलं, आणि उन्हात निघून गेल्या.

मंगळवारी आल्या नाहीत. बुधवारीही नाही. खलीलभाई रोज दोन वाजता रांजण भरायचे आणि कोपऱ्याकडं बघायचे. आठवड्यानं मी पोतं उघडलं. हिरवा दोरा जागेवर होता. त्याच्यापुढची पानं मोजली. अकरा होती. विश्वकोशाचे खंड वरच्या खणात हलवले आणि ते पुस्तक उजव्या कोपऱ्यात परत ठेवलं. आता येतील, मग येतील, असं म्हणत जून काढला. पुस्तक घेऊन त्यांच्या घरी जायला दहा मिनिटं लागली असती. पण तिथं जाऊन म्हणायचं काय, हे ठरेना. निकाल लागू दे, मग जाऊ, असं ठरवलं. निकाल लागला, पेढे वाटले. खलीलभाईंना पेढा दिला आणि म्हटलं, जरा गयाबाईंकडं जाऊन येता का? ते म्हणाले, जाऊन आलो, खोली बंद आहे, अजिंठ्याकडं गावी गेली, दिराच्या शेतात माणूस लागत होतं. माझ्या सांगण्याची त्यांनी वाट पाहिली नव्हती.

तेव्हापासून तेरा उन्हाळे गेले. ते पुस्तक अजून त्या कोपऱ्यात आहे. कागदोपत्री ते नाही. दर वर्षीच्या मोजणीत मी ते हातानं बाजूला सरकवते, मोजणी झाली की परत ठेवते. पुढची अकरा पानं मी वाचलेली नाहीत. पुष्कळदा वाटलं, पण ज्याचं पान आधी लागलंय त्याच्याआधी वाचणं बरं वाटेना. पुस्तकं लावण्याची माझी पद्धतही हळूहळू बदलली. वर्गांक आहेत, पण बारीक टाइप परत खिडकीपाशी गेलाय आणि आरोग्य दाराआड. तपासणीला आलेले अधिकारी विचारतात, तेव्हा मी म्हणते, जागेची अडचण आहे.

खलीलभाई निवृत्त झाले. यंदा माघात ते भाजीबाजारात भेटले. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, गयाबाई का बेटा मिला था, बोला, मां गांव में ही है. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, पुस्तक पिशवीत घातलं आणि अजिंठ्याची एसटी धरली. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालावं लागलं. बाजूला हरभरा घाट्यावर आला होता.

गयाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बोटांनी चाचपून सोलत होत्या, हे मला जवळ गेल्यावर कळलं. सून म्हणाली, शुगरनं डोळे गेले, दोन वर्षं झाली. मी कोण ते सांगितलं. त्यांना लगेच ओळख पटली. बसा मॅडम, चहा टाक गं, खलीलभाई कसे हायेत, असं सगळं नीट विचारलं. माझ्यावर राग असावा असं मला फार वाटत होतं. राग नव्हता. त्या सुनेला सांगत होत्या, ह्या लई शिकलेल्या मॅडम, ह्यांनी येऊन समदं टापटीप केलं. मग शिकलेल्या लोकांचं वाचनालय झालं ते, आपलं काय काम तिथं, म्हणून मी जायची थांबले. हे त्या तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून सांगत होत्या.

मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी त्याची कडा चाचपली, मधला दोरा बोटांना लागला, आणि तिथंच बोट थांबलं. मी म्हटलं, मावशी, अकरा पानं राहिलीत. मी वाचून दाखवते. तेवढ्यासाठीच आलेय.

त्यांनी दोऱ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"राहू द्या, मॅडम. ऐकण्यात तर सारा जन्म गेला. ते एक मला वाचायचं व्हतं."

चहा घेतला. निघताना सुनेनं पिशवीत शेंगा घातल्या. पुस्तक मी परत आणलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

आज फॉर्मची शेवटची तारीख. दुपारचे दोन वाजलेत. मुलं पुस्तकांवर वाकलीयत, एक जण पुटपुटत पाठ करतोय, त्याला कुणी गप्प करत नाही. मी पुन्हा तो पहिला प्रश्न वाचते. अभ्यासक्रमाने कितपत तयार केले. ज्या बाईंच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा असायचा, त्यांनी मला गयाबाईंसाठीच तयार करायला घेतलं होतं. ते दहा दिवस मी खरोखर जाऊन बसले असते, तर खालच्या खणात न बघता हात घालणारं कुणीतरी मला आधी दिसलं असतं. मग ते तीन प्रश्न मी विचारले नसते.

मी पाचवा गोल भरला. पूर्णपणे. सगळ्यात खाली इतर सूचना म्हणून एक चौकट होती, तिच्यात लिहिलं: निरीक्षण वहीत मला वीसपैकी अठरा गुण मिळाले होते. वहीतल्या त्या वाचनालयात मी एकही दिवस गेले नव्हते.

खाली माझं नाव आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष लिहिलं, आणि पाठवून दिलं.